मला उपदेश न करणाऱ्या बाईचा शोध

माझ्या आजाराने पहिली हजेरी लावली ती पाणीपुरीच्या गाडीवर. बोरिवली पूर्वेला आमच्या सोसायटीच्या नाक्यावर ही गाडी उभी असते, आणि तिच्या मालकाच्या गावाकडच्या घराचा निदान एक मजला तरी माझ्या पोटातून उभा राहिलेला आहे. त्या संध्याकाळी मी पुरी उचलली, तोंडाशी नेली आणि ती आत जाईना. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. लिफ्टमध्ये न मावणारा सोफा जसा फिरवून फिरवून घालतात, तशी फिरवली. शेवटी ती दारातच फुटली आणि चिंचेचं पाणी शर्टावरून थेट बेल्टापर्यंत गेलं.

"पुरी का साइज बढ़ाया क्या?" मी विचारलं.

"साइज वही है, साब," तो म्हणाला.

माझा विश्वास बसला नाही. घरी पोहोचेपर्यंत माझ्या सांगण्यात ती पुरी टेनिसच्या चेंडूएवढी झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी दुकानात नारळाएवढी. माझी बायको सुलभा तेव्हा शेजारीच उभी होती. ती ज्याला त्याला सांगत सुटली, "पुरी नेहमीएवढीच होती. यांचंच तोंड उघडलं नाही."

सुलभाचं हे असंच आहे. तीस वर्षांच्या संसारात तिने एकदाही काही वाढवून सांगितलेलं नाही. अशा बाईबरोबर माझ्यासारख्याने दिवस कसे काढले, ते माझं मला माहीत.

माझ्यासारख्या म्हणजे कोण, तेही सांगतो. मी दिगंबर. जागांचा ब्रोकर. वडील लालबागला गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसे आम्ही बोरिवलीला आलो. मूळचे मालवणचे. आमच्याकडे ओट्यावर बसून रंगवून रंगवून सांगायच्या गोष्टींना गजाली म्हणतात. सगळा गाव त्या फुकट मारतो, मला त्याची दलाली मिळते. ज्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे ड्रेनेजचे पाइप दिसतात, त्याच खिडकीतून मी गिऱ्हाइकांना नॅशनल पार्कचा बिबट्या दाखवलेला आहे. हे सगळं करायला तोंड लागतं. आणि त्या तोंडात एक गाल बोलायला, तर दुसरा मावा ठेवायला, अशी माझी कित्येक वर्षांची वाटणी होती. मावा म्हणजे कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, प्लास्टिकच्या कागदात चोळून बांधलेली पुडी. ज्यांना माहीत नाही त्यांनी माहीत करून घेऊ नये.

तोंड उघडा

दातांच्या सरकारी हॉस्पिटलात सकाळी केसपेपर काढायचा, मग बाकावर सरकत सरकत जायचं. बाकावरचे आम्ही सगळे एकाच जातीचे होतो. पुडीवाले. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझ्या शेजारचा रिक्षावाला स्ट्रॉने चहा पीत होता. मी त्याला हसून विचारलं, "फॅशन आहे का?" त्याने दात दाखवले. दातांमधून स्ट्रॉ जाईल एवढीच फट होती. पुढचा विनोद मी गिळला.

डॉक्टरबाई आमच्या मुग्धाहून फार तर चार-पाच वर्षांनी मोठी असेल. मुग्धा म्हणजे आमची एकुलती एक, बँकेत आहे.

"तोंड उघडा."

"उघडलंय."

"अजून."

"मॅडम, एवढीच जागा आहे."

तिने मला माझीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोन गेली, तिसरं बाहेर राहिलं. मग तिने शिकणारी पोरं बोलावली. एकेकाने टॉर्च मारून माझा गाल आतून पाहिला. वन बीएचके दाखवायलासुद्धा मी एका वेळी एवढी माणसं कधी नेलेली नाहीत. गालाच्या आत एक पांढरा डाग होता. त्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला.

रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस कसे गेले विचारू नका. मी शूर आहे असं मी सगळीकडे सांगत आलोय, म्हणून इथे खरं लिहितो. सुलभाने मला टोमणे मारायचं थांबवलं, तेव्हा मी घाबरलो. न मागता मऊ भात वाढायची, वर तूप घालायची, आणि माझ्याकडे न बघता आत जायची. एवढा मान मला लग्नातसुद्धा मिळाला नव्हता. बाथरूमचा नळ सोडून मी आत एकटाच आरशासमोर तोंड उघडून बघत राहायचो.

रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरबाई म्हणाली, "कॅन्सर नाहीये. आज नाहीये." तो 'आज' तिने असा म्हटला की सुलभा खुर्चीतून निम्मी उठली.

पुढचं तिने स्वच्छ सांगितलं. सुपारीने गाल आतून आखडलाय. जेवढं तोंड बंद झालंय, ते बहुतेक परत मिळायचं नाही. पुढे आणखी बंद व्हायचं की नाही, ते मावा ठरवेल. गालात इंजेक्शनं घ्यायची आणि आइस्क्रीमच्या काड्यांची चळत करून दातांमध्ये धरायची. सहन होईल तशी एकेक काडी वाढवायची.

"आणि मावा सोडा वगैरे मी म्हणणार नाही," ती म्हणाली. "ते भिंतीवरची पोस्टरं म्हणतातच. तुम्ही एखादा समुपदेशक शोधा, जो मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग करतो."

"म्हणजे माझा इंटरव्ह्यू?"

"तसंच समजा. ते सोडा म्हणून सांगत नाहीत. विचारतात. सोडायचं कारण तुमच्याकडूनच काढतात."

"तुमच्याकडे आहे असा कोणी?"

"एक होत्या, त्या नोकरी सोडून गेल्या. ऑनलाइन बघा."

'ऑनलाइन बघा' हे दोन शब्द ती इतक्या सहज म्हणाली, जसं मी गिऱ्हाइकाला म्हणतो, 'स्टेशन पाच मिनिटांवर आहे.' त्या पाच मिनिटांत माझा पावसाळा संपून दिवाळी आली.

सगळे शहाणे

मधल्या काळात बोरिवलीतल्या यच्चयावत माणसांनी मला उपदेश केला. मेहुण्याने केला, वॉचमनने केला. सोसायटीच्या सेक्रेटरीने पार्किंगच्या भांडणाच्या मध्येच थांबून केला. टपरीवाल्याने तर मावा चोळता चोळता केला. "कमी करा साहेब," म्हणाला, आणि पुडी बांधून हातात दिली.

उपदेशाचं एक आहे. तो ऐकला की मला मावा लागतो. कोणी 'सोड' म्हटलं की माझ्या आत एक वकील उभा राहतो आणि मावा कसा वाईट नाही ते पटवायला लागतो. आमच्या आळीतले कोणकोण मावा खाऊन म्हातारे होऊन मेले, त्यांची नावं घेतो. सुलभाने बुटात लपवलेली पुडी शोधून काढली, आरतीच्या पेटीतली शोधून काढली. मग मी रिकाम्या फ्लॅटमध्ये ठेवू लागलो. आम्हा ब्रोकरांकडे किल्ल्या असतात.

शोध

शोधायचं काम मुग्धाने घेतलं. तिने फोनवर टाइप केलं आणि पहिल्याच फटक्याला जो माणूस लागला, तो प्रेरणा देणारा वक्ता निघाला. कानाला अडकवलेला माइक, पाठीमागे उगवता सूर्य. सगळे फोनसमोर उभे राहा आणि हात वर करून ओरडा, "मी सिंह आहे." मी ओरडायला गेलो तर जबडा अडकला. सिंह पंजाने गाल चोळत खाली बसला.

"बाबा, हे ते नव्हे," मुग्धा म्हणाली. "ते वेगळं असतं. थांब तू."

मग तिने समुपदेशकांची एक वेबसाइट काढली. तिथे सगळ्यांचे हसरे फोटो आणि फोटोखाली प्रत्येकाला काय काय येतं त्याची माळ. ते वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आमच्या जाहिरातीत असतं ना, चोवीस तास पाणी, जिम, क्लब हाउस, योगा डेक. प्रत्यक्षात जिम म्हणजे मीटर रूममध्ये ठेवलेली एक सायकल. तसंच हे. चिंता, नैराश्य, लग्नाआधीचं, लग्नानंतरचं, व्यसन, आणि शेवटी मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग. ते जवळजवळ सगळ्यांच्याच माळेत होतं.

पहिल्या बाईंनी मला बोलूच दिलं नाही. सुरुवातीलाच सडलेल्या तोंडांचे फोटो दाखवले. मी म्हटलं, "मॅडम, हे हॉस्पिटलच्या भिंतीवर बघितलेत." तर म्हणाल्या, "तुमच्या मुलीच्या लग्नाचा विचार केलाय का?" मुग्धा शेजारच्या खोलीतून म्हणाली, "माझं लग्न मध्ये आणू नका." बाई तरी बोलत राहिल्या. फी त्यांनी घेतली, बोलल्या त्या, मी नुसतं हं हं केलं. हे काम सुलभा फुकट करते.

दुसरा मुलगा बेंगळुरूचा. हुशार होता, ऐकून घेत होता. पण तो बोलणार हिंदीत किंवा इंग्रजीत. इंग्रजीत माझं 'टू बीएचके, सेमी फर्निश्ड'च्या पुढे जात नाही. हिंदीची अडचण त्याहून मोठी. हिंदीत मी आयुष्यभर जागा विकल्या. हिंदी सुरू झाली की तोंडातून खरं येतच नाही, सवयच नाही त्याची. मी त्याला सांगितलं की मी जवळजवळ सोडलाच आहे मावा, कुटुंब खूश आहे, सकाळी पळायलाही जातो. त्याने अभिनंदन केलं. फोन ठेवला तेव्हा माझ्या गालात पुडी होती.

तिसऱ्याला मराठी येत होतं. त्याने मला शपथ घ्यायला लावली. मी घेतली. शपथ घेण्यात मी पटाईत आहे, कोकणातले झाडून सगळे देव साक्षीला आहेत.

चौथ्या बाई वेळ देऊन आल्याच नाहीत. पाचव्यांच्या घरी कुत्रं होतं. ते माझ्याकडे बघून भुंकायचं, आणि बाई त्याला 'नो' म्हणायच्या की मला, ते कळायचं नाही.

मी मुग्धाला म्हटलं, "राहू दे गं. मी असाच मरतो."

"बाबा, तू गिऱ्हाइकाला किती जागा दाखवतोस?"

"पसंत पडेपर्यंत."

"मग?"

पोरगी माझी आहे, शंका नको.

बसायचं कुठे

माणूस मिळत नव्हताच, वर बसायलाही जागा नव्हती. बोरिवलीत शेकडो जागा भाड्याने दिलेल्या माणसाला स्वतःच्या घरात खासगी बोलायला चार फूट मिळेनात. हॉलमध्ये बसलो की सुलभा कांदा चिरत पडद्यामागे. मी सांगायचो, "दिवसाला एक पुडी." पडद्यामागून आवाज यायचा, "खोटं." मी सांगायचो, "कधीकधी दोन." "साफ खोटं." शेवटी फोनमधला माणूस मला सोडून पडद्याशीच बोलू लागायचा.

ज्यांना असं ऑनलाइन बोलायचंय त्यांना सांगून ठेवतो. घरच्यांचं प्रेम असू दे, पण घरचे त्या वेळी घरात नसू देत. मला हे कळलं तेव्हा खिशात हात गेला आणि किल्ल्या लागल्या. त्याच, जिथे पुड्या लपवायचो त्या फ्लॅटच्या. मालक दुबईला, फ्लॅट रिकामा, मला बसायला पालथी बादली. पुढची सगळी बोलणी मी त्या बादलीवर बसून केली.

सांगलीची बाई

रेवती मॅडमचा फोटो हसरा नव्हता. सांगलीहून बोलायच्या. मागे कोणाच्या तरी घरी सतत मिक्सर चालू असायचा. इतक्यांनी फसवल्यावर मी शहाणा झालो होतो, म्हणून मीच आधी विचारलं, "तुम्ही नक्की काय करणार? ते सांगा."

"जास्त करून ऐकणार," त्या म्हणाल्या. "मावा सोडायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवायचं. मला एक सांगा, मावा तुम्हाला काय देतो?"

मी पडद्यामागे बघितलं. तिथे पडदा नव्हता, नुसती भिंत होती. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही माणसाने विचारला नव्हता. मग मी जो सुटलो म्हणता. मावा म्हणजे धंद्यातला पार्टनर. गिऱ्हाईक गप्प बसलं की मी पुडी काढतो, तेवढ्यात ते बोलायला लागतं. उन्हात उभं राहायचं बळ मावाच देतो. एकदा माव्याच्या जोरावर मी लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचा सातवा मजला एका पायाने अधू असलेल्या माणसाला विकला. त्यात सातवा मजला खोटा होता, चौथा होता. त्यांनी पकडलं नाही. खोटं पकडणारा समोर नसेल तर खोटं बोलण्यात मजा राहत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणून मीच म्हटलं, "चौथा होता." त्या म्हणाल्या, "बरं. आणि पार्टनर तुमच्याकडून घेतो काय?"

मी विषय बदलला.

दोन-तीन बैठका अशाच गेल्या आणि मी वैतागलो. "मॅडम, तुम्ही सांगा ना काय करू. डॉक्टरला ताप दाखवला तर डॉक्टर उलटं विचारतो का, गोळीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

"इतरांना उपयोगी पडलेल्या एक-दोन गोष्टी सांगू शकते, तुम्हाला हव्या असतील तर. पण तुम्ही स्वतःला माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखता."

"तिथेच तर लोचा आहे."

त्या हसल्या. मग नेट गेलं. त्यांचं तोंड अर्धवट उघडं तसंच पडद्यावर थांबलं, आणि मी बादलीवर बसून एका सांगलीकर बाईच्या तोंडात तीन बोटं जातील का याचा अंदाज घेत राहिलो. आरामात गेली असती.

चार

त्याच्या पुढच्या बैठकीला त्यांनी विचारलं, "मावा सोडणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? शून्य ते दहामध्ये आकडा सांगा."

आकडा म्हटल्यावर माझ्यातला ब्रोकर जागा झाला. पहिला आकडा नेहमी खालचा द्यायचा. समोरचा वर ओढतो, आपण जरा रडतो, मध्ये कुठेतरी तुटतं. खिशात सहा ठेवून मी म्हटलं, "चार."

आता त्या म्हणणार, आठ का नाही? सगळं जग तेच म्हणत आलं होतं. मी उत्तरही तयार ठेवलं होतं.

"चार," त्या म्हणाल्या. "दोन का नाही?"

आयुष्यात माझ्याशी असं कोणी वागलं नव्हतं. मी भाव सांगावा आणि घेणाऱ्याने तो वाढवावा, तसंच झालं हे. मी बादलीवरून घसरलो, खरोखर.

"दोन कसा?" मी म्हटलं. "दोन म्हणजे काहीच नाही. मी काय इतका हा आहे का?"

"म्हणजे काहीतरी आहे, जे दोनमध्ये बसत नाही."

"आहेच ना."

मागचा मिक्सर नेमका बंद पडला. मग माझ्या तोंडातून जे आलं, ते मी आधी कधी मनातसुद्धा म्हटलेलं नव्हतं.

मी म्हटलं, "मॅडम, हल्ली मी गोष्ट सांगायला घेतली की मध्येच जबडा दमतो. शब्द बोबडे होतात. फोनवर लोक 'क्या, क्या' करतात. चारचौघांत मी थांबलो की सुलभा माझी गोष्ट पुरी करते. चांगल्या मनाने करते. पण ती खरी पुरी करते. बिबट्याच्या जागी पाइप येतो. नारळाच्या जागी पुरी येते. लोक माना डोलावतात आणि उठून जातात. उद्या तोंड पुरतं बंद झालं तर माझ्या सगळ्या गोष्टी ती सांगणार. मी काय होतो ते तिच्या तोंडून लोकांना कळणार. नेहमीएवढाच होतो, म्हणून."

रेवती मॅडम काही बोलायच्या आत दारात किल्ली फिरली. जिग्नेश, माझा धंद्यातला भाऊबंद, एका नवरा-बायकोला घेऊन आत. दुबईवाल्याने त्यालाही किल्ली दिली होती, साल्याने मला सांगितलं नव्हतं.

"अरे दिगूभाई, तू इथे बादलीवर काय करतोस?"

"गळती बघतोय," मी म्हटलं. डोळे ओले होते, खपून गेलं.

फोन खिडकीत तसाच चालू राहिला. जिग्नेशने दुकान मांडलं. फुल व्हेंटिलेशन, वास्तू परफेक्ट, असा मारा केला की काय विचारता. नवरा-बायको हळूहळू दाराकडे सरकू लागले. माझ्याने राहवेना. मी त्या बाईंना म्हटलं, "ताई, आत्ताची जागा का सोडताय?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, किचनला खिडकी नाही. दिवसभर लाइट लावून काम करावं लागतं. सासूबाईंना फोडणीचा ठसका लागतो, आणि त्यावरून रोज बोलणं होतं.

"रोज?" मी म्हटलं.

"रोज," त्या म्हणाल्या. मग स्वतःच किचनमध्ये गेल्या, खिडकी उघडली आणि आतून नवऱ्याला हाक मारली, "अहो, इथे हवा येते बघा."

जागेच्या कौतुकाचा मी एक शब्द बोललो नव्हतो. जिग्नेश तोंड उघडं टाकून बघत होता. त्याची चार बोटं गेली असती.

ते गेल्यावर मी फोन उचलला. मॅडम लाइनवरच होत्या.

"तुम्ही ब्रोकर आहात," मी म्हटलं.

"काय?"

"'जागा चांगली आहे' हे दलालाने म्हटलं की सौदा मेला. गिऱ्हाईक स्वतःच्या तोंडाने म्हणालं पाहिजे. पंचवीस वर्षं मी हेच करतोय. तुम्ही ते माझ्यावर केलंत. वर फी घेऊन."

"तुम्ही त्या ताईंना फसवलंत का?"

"नाही. हवा खरंच येते तिथे."

"मग," त्या म्हणाल्या.

आठवडाभर मी चिडलेला होतो. धंद्यातल्या माणसाला धंद्यातल्याच खुबीने गाठलं याची चीड वेगळीच असते. पण पुढच्या बैठकीला मी वेळेआधी बादलीवर हजर होतो, आणि काय करायचं ते मीच सांगितलं. टपरी पुढच्या गेटला आहे, तर मी मागच्या गेटने जाईन. पुडीच्या खिशात आइस्क्रीमच्या काड्या ठेवीन. गिऱ्हाईक गप्प बसलं की मीही गप्प बसेन, बघू काय होतं. मॅडम म्हणाल्या, "आता आकडा?"

"सहा," मी म्हटलं. खिशातला काढून दिला.

जैसे थे

इथे मावा सुटला असं लिहिलं की छान दिसतं. तसं झालं असतं तर मी ते दहा पानं लिहिलं असतं. सुटला, मग गोरेगावचा एक ठरलेला सौदा बोलणीच्या टेबलावर मोडला आणि मी तिथूनच टपरी गाठली. मॅडमना सांगितलं. वाटलं आता तरी ओरडतील. त्यांनी विचारलं, "आधीचे इतके दिवस कशाने निघाले?" मी म्हटलं, "अहो, एकदा तरी शिव्या द्या, माणूस आहे मी." नाही दिल्या. वैताग आहे ती बाई. मी पुन्हा सोडला. आज मी हे लिहितोय तेव्हा गालात काही नाही. आज, एवढंच म्हणतो. तो शब्द मी डॉक्टरबाईकडून घेतलाय.

माझा राग अजून गेलेला नाही. ज्याची गरज टपरीवर उभ्या असलेल्या प्रत्येक दुसऱ्या माणसाला आहे, ते शोधायला बँकेत नोकरी करणारी मुलगी, चालू नेट आणि दुबईवाल्याचा रिकामा फ्लॅट लागतो. स्ट्रॉने चहा पिणाऱ्या त्या रिक्षावाल्याला मी रेवती मॅडमचा नंबर दिला. त्याने विचारलं, "बोलू कुठून, रिक्षातून?" माझ्याकडे त्या फ्लॅटची किल्ली होती, ती दिली. तो फ्लॅट किचनवाल्या ताईंनी घेईपर्यंत तो तिथे बसत होता. दुबईवाल्याला हे माहीत नाही. हे वाचून त्याला कळलं तर कळलं.

तुम्ही शोधत असाल तर एवढंच लक्षात ठेवा. पहिल्या भेटीत समोरचा तुमच्यापेक्षा जास्त बोलला तर फोन ठेवा. आणि ज्या भाषेत तुम्हाला खोटं कमी जमतं, त्या भाषेतला माणूस बघा.

परवा तपासणी झाली. बोटं दोनच जातात. डॉक्टरबाईने पट्टी लावून मोजलं, जुन्या कागदाशी ताडून पाहिलं आणि म्हणाली, "कमी झालेलं नाही." जैसे थे जागा विकताना मी गिऱ्हाइकासमोर मान खाली घालतो. इथे मला ते शब्द एवढे गोड लागले की काय सांगू.

संध्याकाळी मुग्धाच्या बँकेतल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या, त्यांना घेऊन आम्ही नाक्यावर गेलो. तिखट मला झोंबतं, म्हणून गाडीवाल्याने माझ्यासाठी पुरी वाटीत चुरून वर गोड चटणी घातली. पोरी म्हणाल्या, "काका, मुग्धा सांगत होती, तुमच्या आजाराची सुरुवात इथेच झाली ना?"

मी वाटी खाली ठेवली आणि सुरू केलं. सोफा झाला, लिफ्ट झाली. ऐन रंगात आलो आणि जबडा दमला. शब्द अडकला. पोरी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. सुलभाने बोलायला तोंड उघडलं.

मी हात वर केला. गाल चोळला. कोणी घाई केली नाही, गाडीवाल्यानेही पळी तशीच धरून ठेवली. मग म्हटलं, सावकाश, एकेक अक्षर सोडवत, "पुरी होती... नारळाएवढी."

पोरींनी सुलभाकडे बघितलं. सगळेच शेवटी तिच्याकडे बघतात, तशी ख्यातीच आहे तिची.

तिने पदराने माझ्या हनुवटीवरची चटणी पुसली.

"नारळ कुठला हो," ती म्हणाली. "शहाळं होतं."